दहा मिनिटांच्या अंतरावरची बाग

तीर्थरूप ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. दाजींनाही सांग, आणि भाचीला आशीर्वाद. तुझा रक्तदाब आटोक्यात असेल अशी आशा करतो. किंबहुना हे पत्र पुढे वाचण्याआधी तो एकदा मोजूनच घे. (सहज म्हणतो आहे. एवढे होते तर फोन का केला नाहीस, असे तू विचारशील. आईला समोर बसून बोललेले ऐकू येत नाही, पण कोणी फोनवर कुजबुजले की भिंतीपलीकडून अक्षरन् अक्षर ऐकू येते, हे तुला ठाऊकच आहे.)

आई बरी आहे. जेवण नीट, झोप नीट, आवाज तर फारच नीट. त्या आवाजाचा विषय पुढे येईल. तुझी भावजय ठीक. मीही तसा ठीक आहे. फक्त दाराची कडी वाजली की दचकतो, आणि गेल्या सोमवारी गल्लीत एक माणूस तिपाईवर दुर्बीण लावून उभा राहिला तेव्हा मी न्हाणीघरात शिरून पाऊण तास आंघोळ करत होतो. नळाला पाणी नव्हते.

झाले ते असे. आमच्या छापखान्यात नगर कार्यालयाची कागदपत्रे छापली जातात, आणि ती छापण्याआधी मी तपासतो. (पाठशाळेत आठ वर्षे घासून मला एवढेच साधले की दुसऱ्याची चूक लांबून दिसते. या गुणाला पगार देणारे जगात एकच ठिकाण आहे आणि ते मला सापडले.) चार महिन्यांपूर्वी कार्यालयाने पुढच्या पंचवीस वर्षांचा शहर आराखडा करायला घेतला. शहर राहण्याजोगे, सर्वांना सामावून घेणारे आणि टिकाऊ व्हावे, हा त्याचा हेतू. हेतू उत्तमच आहे; माझी त्याविषयी काहीही तक्रार नाही, हे आधीच लिहून ठेवतो, कारण हे पत्र कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. तर या कामावरच्या बाई (त्यांना आपण आराखडाबाई म्हणू, वयाने माझ्या निम्म्या, उत्साहाने दसपट) छापखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "नागरिकांची सभा घेतोय. तुमचं अक्षर किती सुरेख आहे! एका टेबलाचं लिहिण्याचं काम तुम्ही कराल ना?" स्तुतीने माणूस कसा घसरतो यावर मी आजवर अनेकांना उपदेश केला आहे. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

दालनात आठ टेबले, आणि प्रत्येक टेबलावर चादरीएवढा नकाशा. पण नकाशावर एकही नाव नाही! गल्ली नाही, चौक नाही, शाळा नाही. नुसते चौकोन आणि चौकोनांत आकडे. वर उत्तर दिशा मुद्दाम तिरकी फिरवलेली. ही आराखडाबाईंची युक्ती होती. "नावं दिसली की प्रत्येक जण आपलं घर वाचवतो आणि शेजाऱ्याचं पुढे करतो," त्या म्हणाल्या. "आज आपण कोण, कुठं राहतो, ते चपलांबरोबर बाहेर ठेवून या." ताई, मला ही कल्पना इतकी पटली की मान डोलावताना चष्मा खाली पडला. निष्काम बुद्धीविषयी मी जन्मभर वाचत आलो. कंपासपेटीसकट ती हातात मिळण्याची ही पहिलीच वेळ.

आमच्या टेबलाकडे बागेचा प्रश्न होता. नियम एकच: म्हातारा असो, कुबडीवाला असो की कडेवर मूल घेतलेली बाई असो, कोणालाही दहा मिनिटे चालून बागेत पोचता आले पाहिजे. नकाशाच्या एका कोपऱ्यात, नाल्यापलीकडे, चौकोनांची मुंग्यांसारखी दाटी होती आणि त्यांच्या दहा मिनिटांत झाडाचे पानसुद्धा नव्हते. माझ्याबरोबर एक टॅक्सीवाला होता आणि एक निवृत्त परिचारिका. टॅक्सीवाला म्हणाला, "टाका हो कुठंतरी, चहा थंड होतोय." मी म्हटले, कुठंतरी कसे? न्याय म्हणजे न्याय. मी दाटीच्या प्रत्येक टोकावर कंपासचे टोक रोवले आणि वर्तुळे काढली. सगळी वर्तुळे एका जागी एकमेकांत मिसळली. तिथे १४० ते १५१ असे बारा चौकोन ओळीने, गुण्यागोविंदाने बसले होते. परिचारिका हळूच म्हणाली, "अहो, पण इथं कोणाची तरी घरं असतील." यावर मी काय म्हणालो ते नीट वाच, कारण ते आता छापून आले आहे. मी म्हणालो, "बारा घरांची गैरसोय हे बारा हजारांच्या मोकळ्या श्वासाचे अल्प मोल आहे." दालनात टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात मी १४७ या चौकोनावर हिरव्या शाईने एक कारंजेही काढले.

ताई, १४७ म्हणजे आपले घर.

आता तू म्हणशील, तुला स्वतःच्या घराचा आकडा ठाऊक नाही? आपल्या दारावर नऊ आहे ग! जन्मल्यापासून मी नऊ नंबरात राहतो. १४७ हा जमिनीच्या दप्तरातला आकडा. तो बाबांच्या लोखंडी पेटीतल्या कागदावर आहे, आणि त्या पेटीची किल्ली तू लग्नानंतर बरोबर नेलीस. (दोष देत नाही. वस्तुस्थिती सांगतो.) त्याहून वाईट पुढेच आहे. तो आराखडा छपाईला आमच्याकडेच आला. एकशे चौसष्ट पाने मी दोनदा वाचली, प्रत्येक स्वल्पविराम त्याच्या जागी बसवला, आणि शेवटी 'छापण्यास योग्य' असे लिहून सही केली. म्हणजे आपल्या घरावर मी एकदा बाग काढली आणि एकदा शिक्कामोर्तब केले.

हे उघडकीला आणले आपल्या तळमजल्यावरच्या शिंप्याने. दुकानाच्या परवान्याचे नूतनीकरण करायला तो कार्यालयात गेला, तिथे भिंतीवर आराखडा टांगलेला. तसाच गळ्यात टेप अडकवून वर आला आणि म्हणाला, "शास्त्रीबुवा, जरा बघा बरं. माझ्या परवान्यावर १४७ आणि ह्यांच्या बागेतपण १४७. माझ्या शिलाई मशिनीवर कारंजं उडवायचंय का काय ह्यांना?" मी चष्मा लावला. त्याने आणलेल्या कागदावर माझेच कारंजे होते, आता दोन रंगांत. मी म्हटले, छपाईची चूक असेल. इतक्या वर्षांत मी छपाईवर पहिल्यांदाच खोटा आळ घेतला.

त्याच संध्याकाळी बारा घरांची बैठक शिंप्याच्या दुकानात, अर्धवट शिवलेल्या विजारींखाली भरली. सगळ्यांचा राग आराखड्यावर कमी आणि त्र्याऐंशीव्या पानावर जास्त होता. तिथे 'एका जाणत्या नागरिकाचे मत' म्हणून माझे वाक्य ठळक अक्षरांत दिले आहे. नाव नाही. (माझ्या जिवाला आजच्या घडीला तेवढाच आडोसा आहे.) कोपऱ्यावरचा कंपाउंडर मुठी वळून म्हणाला, "हा जाणता एकदा हाताला लागू दे. बाग कुठं करायची ते त्याला दाखवतो." शिंपी म्हणाला, "भाषा बघा ना मेल्याची! अल्प मोल म्हणे." मी म्हटले, भाषा तशी वाईट नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खोकलो. आणि मग, ताई, एकमताने ठरले की हरकतींवर कार्यालयात होणाऱ्या सुनावणीत गल्लीच्या वतीने शास्त्रीबुवांनीच बोलायचे, कारण असल्या माणसाला त्याच्याच भाषेत उत्तर देणारा दुसरा कोणी गल्लीत नाही. हे खरे आहे, हेच वाईट.

आईला कळायला वेळ लागला नाही. ती काही रडली-बिडली नाही. रोज दुपारी जेवण झाले की पाय पसरून बसते आणि ज्याने हे सुचवले त्याला शाप देते. मोठ्याने, सावकाश, एकही शब्द न गाळता. त्याच्या घरावर नांगर फिरो, त्याला उतारवयात सावली न मिळो, त्याची बायको त्याला सोडून जावो. (हे शेवटचे वाक्य ऐकतानाही तुझी भावजय "खरं आहे हो सासूबाई" म्हणून भांडी आवरत असते.) मी समोर पाट्यासारखा बसून हुं, हुं करतो. आईचे शाप लागतात असे शास्त्र सांगते. नकळत दिले तर मुलाला लागत नाहीत, अशी काही सवलत कुठे दिली आहे का, ते मी शोधतो आहे. अजून सापडलेली नाही.

त्यात त्या दुर्बीणवाल्या मोजणीदाराने जाताना आपल्या फाटकाच्या खांबावर तांबड्या रंगाची फुली मारली. माझा धीर सुटला. दुसऱ्या दिवशी पहाटे रॉकेलचा बोळा घेऊन मी ती घासून काढली, आणि वर पाहतो तर बाराही खांबांवर फुल्या! म्हणजे आता अकरा घरांवर फुली आहे आणि एकाच घरावर नाही. सकाळी कंपाउंडर आला, खांबाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघत राहिला. "तुमचं बरं सुटलं, शास्त्रीबुवा," एवढेच म्हणाला. तेव्हापासून मी छापखान्यात मागच्या बोळातून जातो.

शेवटी धीर करून मी आराखडाबाईंना भेटायला गेलो. खरे सांगून टाकायचे, असे जिन्यापर्यंत ठरले होते. त्यांनी मला पाहताच खुर्ची ओढली, चहा मागवला, चार जणांना बोलावून "हेच ते टेबल पाचचे!" अशी ओळख करून दिली. मी म्हटले, जरा धास्ती वाटते, घरांचे काय होईल. त्या म्हणाल्या, "अजिबात घाबरू नका, पंचवीस वर्षांचा आराखडा आहे." माझ्या जिवात जीव आला. (पंचवीस वर्षांनी मी अठ्ठ्याहत्तरचा असेन, तेव्हा एखादा शाप फळला तरी चालेल.) पुढच्याच श्वासात त्या म्हणाल्या, "आणि तुमची बाग तर पहिल्याच टप्प्यात घेतलीय, इतकी आवडली सगळ्यांना!" मी चहा बशीत ओतला आणि बशी मांडीवर. खरे सांगायचे राहूनच गेले. येताना त्यांनी एक प्रशस्तिपत्र दिले, ते कपाटात हिवाळी कपड्यांच्या खाली आहे. ते कपडे काढायची वेळ जवळ येते आहे.

असो. बाकी सर्व क्षेम आहे, निदान पत्र टाकेपर्यंत. दाजींना गुडघा जपायला सांग. थोड्या लिहिण्यातून जास्त ओळखण्याची तुझी सवय या वेळी जरा आवर.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र खरे म्हणजे सहीसाठी आहे. बाबांच्या मागे घर आपल्या दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे हरकतीच्या अर्जावर दोघांच्या सह्या लागतात. अर्ज सोबत आहे. जिथे सही करायची तिथे पेन्सिलने टिंब दिले आहे. मुदत बुधवारी संपते, सुनावणी गुरुवारी. पेटीतला कागदही हवा, म्हणजे किल्लीही.

ता. क. दुसरा. टपालाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. सुनावणीत मी उभा राहिलो की आराखडाबाई हसून ओळख देणार, आणि मागे सगळी गल्ली बसलेली असणार. कंपाउंडर लहानपणी तुझ्या हातचा एक धपाटा खाऊन आहे आणि अजून तुझी चौकशी दबकतच करतो. तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बस. बोलू नकोस, फक्त बस. आईलाही तूच सांग. तू सांगितलेस तर ती निदान शापाच्या मध्येच थांबेल.

ता. क. तिसरा. हे लिहिणार नव्हतो. माझी वर्तुळे चुकली असतील, चूक सापडली की सुटलो, या आशेने मी काल दुपारी घड्याळ लावून नाल्यापलीकडे गेलो. सगळ्यात लांबच्या ओळीपासून जवळच्या बागेपर्यंत म्हाताऱ्याच्या चालीने चाललो: बेचाळीस मिनिटे. परत त्याच ओळीपासून आपल्या फाटकापर्यंत: दहा. एकदा नाही, तीनदा मोजले. तिसऱ्या वेळी ओळीतल्या शेवटच्या घराच्या पायरीवर एक बाई तापलेल्या पोराला मांडीवर घेऊन वारा घालत बसली होती. म्हणाली, "मोजणीवाले का हो तुम्ही? इकडं बाग येणार म्हणतात, खरंच येणार का?" गुरुवारी कळेल, एवढे म्हणालो. ती म्हणाली, "मग गुरुवारी मीपण येते."

अर्जात 'हरकतीचे कारण' अशी एक ओळ आहे. बाकी सगळा अर्ज मी सुवाच्य अक्षरात भरला, ती ओळ चार दिवस कोरी आहे. 'आम्ही तिथे राहतो' याखेरीज मला काही सुचत नाही, आणि ती बाई समोर बसलेली असताना हे एवढेसे वाक्य मोठ्याने वाचायचे आहे. तुला याहून बरे काही सुचले तर ये आणि भर. नाही सुचले तरी ये.