दोन लाख एकेचाळीस हजार किलोमीटरांचा अनुभव

३ फेब्रुवारी
हिला नोकरी लागली. बारा वर्षांनंतर. हायवेवरच्या कारखान्यात, अकाउंट्समध्ये. ३ मार्चला सकाळी साडेआठला हजर व्हायचं. त्या बाजूची पहिली बस नऊनंतर पोचते. ही म्हणाली, ड्रायव्हिंग क्लासला नाव घालते, गाडीचं नंतर बघू. मी म्हटलं, घरात ड्रायव्हर असताना क्लास कशाला? माझ्याकडे वीस वर्षांपासून लायसन्स आहे. एकही अपघात नाही. (गाडीही नव्हती, पण तो मुद्दा वेगळा.)
ही म्हणाली, एवढंच बघा, पहिल्या दिवशी उशीर नको. नाहीतर ते दुसरीला बोलावतील. मी म्हटलं, निश्चिंत राहा.

६ फेब्रुवारी
सेकंडहँड गाडी घ्यायची. काळजीचं कारण नाही. ऑफिसच्या खरेदी विभागात माझी हयात गेली. पंखे, टेबलं, जिन्यातलं कार्पेट, सगळं माझ्या सहीने आलं. (कार्पेटचा रंग पायांना लागतो, पण तो फिनाइलचा दोष.)
हिच्या भावाचा फोन. म्हणाला, भाऊजी, लाखाच्या पुढे धावलेली गाडी बघायलाही जाऊ नका. याने स्वतः हप्त्यांवर कोरी गाडी घेतली आहे आणि दर रविवारी ती बनियनने पुसतो. याला काय कळणार.

७ फेब्रुवारी
आंघोळ करताना सुचलं. कमी धावलेली गाडी म्हणजे घरी बसून राहिलेली गाडी. ती का बसून राहिली, हे कुणी विचारत नाही. जास्त धावलेली गाडी अनुभवी असते. तिचं जे बिघडायचं ते बिघडून झालेलं असतं. मला डावलून त्या कालच्या पोराला बढती दिली तेव्हा साहेबांनी हा विचार केला नाही. मी ती चूक करणार नाही.

१२ फेब्रुवारी
गाड्यांच्या दलालाकडे गेलो. पायात पांढरेशुभ्र बूट, म्हणून त्याला पांढरे बूट म्हणतो. त्याने एक करडी गाडी दाखवली. मीटरवर २,४१,०००. मी खूश होऊन मान डोलावली, तेव्हा तो जरा गोंधळला. मग म्हणाला, साहेब, तुमच्याशी खोटं बोलणार नाही. एकच मालक. गावाबाहेर कधी गेली नाही. चाळीसच्या वर कुणी पळवली नाही. पाचवा गिअर तर कोराच आहे. चालवायला बऱ्याचदा बायकाच असायच्या. आणि मालक शिस्तीचा माणूस, शिकवण्याच्या पेशातला.
शिक्षकाची गाडी. आणखी काय हवं?

१५ फेब्रुवारी
गाडी घेतली. आधी रीतसर तपासणी केली. ऑफिसातला टॉर्च नेला होता. बॉनेट उघडून सगळीकडे उजेड पाडला. इंजिन जागेवर होतं.
भाव करताना माझं नेहमीचं तंत्र वापरलं. काहीच बोलायचं नाही. समोरचा अस्वस्थ होतो आणि आपणहून खाली येतो. पांढरे बूटही काही बोलला नाही. चहा आला, पिऊन झाला. त्याने पेपरातलं शब्दकोडं काढलं. आडव्या ओळी संपवून तो उभ्यांकडे वळला तेव्हा मी म्हणालो, बरं, ठीक आहे.
पण नव्या मॅट फुकट मिळवल्या. चारही चिकटवून देतो म्हणाला. ही खरेदी विभागाची सवय, रिकाम्या हाताने यायचं नाही.

१६ फेब्रुवारी
गाडी धुतली. छपरावर चार भोकं आहेत, लांबी भरून बुजवलेली. सामान बांधायचं कॅरियर असणार. शिक्षकाला लांबच्या प्रवासाची हौस दिसते. ही म्हणाली, गावाबाहेर गेलीच नव्हती ना? हिला शंका काढायची सवयच आहे.
सकाळी मागच्या काचेवर दव होतं. त्यात एक शब्द उमटला होता, काढून टाकलेल्या अक्षरांचा ठसा असावा. ‘आत्मविश्वासाने’. खाली आणखी काहीतरी होतं, पण तेवढ्यात मी फडकं फिरवलं. एक शब्द पुरेसा आहे.

२० फेब्रुवारी
सराव. गाडीला रुबाब आहे. चौकातला पोलीस मला बघून हसला आणि त्याने बाकीच्यांना थांबवून मला जाऊ दिलं. मागचे लोक बरंच अंतर राखून होते. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी गाडीकडे बघून हात हलवला. सिग्नलला तीनदा बंद पडली, तरी कुणी हॉर्न वाजवला नाही. नव्या गाडीला असा मान मिळत नाही. हे मेहुण्याला कळवलं.
क्लच सोडला की गाडी आधी विचार करते, मग निघते. प्रौढ गाडीचं लक्षण.

२६ फेब्रुवारी
ही म्हणाली, एकदा कारखान्यापर्यंत जाऊन येऊ, म्हणजे अंदाज येईल. मी म्हटलं, उगाच किलोमीटर कशाला वाढवायचे? ही माझ्याकडे बघत राहिली. पटलं असावं.

३ मार्च, हायवेच्या कडेला
वेळ आहे म्हणून लिहितो. वेळेत निघालो होतो. हायवेला लागल्यावर पाचवा गिअर टाकायला गेलो. कोरा असल्यामुळे लागेना. बराच वेळ आग्रह केला. मग जळका वास आला. मी म्हटलं, समोरच्या ट्रकचा असेल. मग धूर आला. मग ट्रक पुढे गेला आणि आपण थांबलो.
हिने डबा आणि पर्स घेतली, उतरली, हात दाखवून एक टेम्पो थांबवला आणि रिकाम्या पिंपांच्या मध्ये बसून गेली. मी मागे राहिलो. गाडीजवळ कुणीतरी जबाबदार माणूस नको का?

३ मार्च, संध्याकाळ
हिला पोचायला साडेनऊ झाले. तिथले मॅनेजर म्हणाले, बाई, आज पहिला दिवस म्हणून सोडतो, पुन्हा झालं तर यादीतल्या दुसरीला फोन करीन. उद्यापासून ही टॅक्सीने जाणार. पगार टॅक्सीतच जाईल, असं मी सुचवलं. ही म्हणाली, जाऊ दे, नोकरी तरी राहील. संध्याकाळच्या ड्रायव्हिंग क्लासला नाव घालून आली आहे. मला विचारलं नाही. दमली असेल.
गाडी गॅरेजात. क्लच जळला.

१४ मार्च
गाडी परत आली. नवा क्लच. आज हिचे क्लासचे मास्तर हिला सोडायला फाटकापर्यंत आले आणि गाडीचा नंबर बघून थबकले. बॉनेटवर थाप मारली. म्हणाले, अरे, ही तुमच्याकडे आली होय? पिवळीची करडी केली वाटतं. मी म्हटलं, तुमचा काही गैरसमज होतोय, ही एका शिक्षकाची गाडी आहे. म्हणाले, हो, माझीच.
मग दार उघडून त्यांनी डावीकडची मॅट ओढली. खाली दोन भोकं. म्हणाले, इथे माझा क्लच आणि ब्रेक होता. छपरावर बोर्ड होता. नऊ वर्षं मैदानाला फेऱ्या मारल्या हिने. निम्मं गाव हिच्यावर शिकलं. तुमचे मेहुणेसुद्धा. मागचा पोचा त्यांचाच, पाण्याच्या टाकीला धडकले होते.
ही इतकी हसली की फाटकाला धरून उभी राहिली. पहिल्यांदाच इतकं हसताना पाहिलं, नोकरी लागल्यापासून.
शांतपणे विचार केला. एक मालक, गावाबाहेर नाही, चाळीसच्या आत, कोरा गिअर. पांढरे बूट एक शब्द खोटं बोलला नाही. म्हणजे माणसाची पारख मला आहे.

१५ मार्च
सकाळी दव होतं. आज काच पुसली नाही. पूर्ण वाचलं. ‘आत्मविश्वासाने शिका’. त्याखाली, ‘शिकाऊ चालक, अंतर ठेवा’.

२१ एप्रिल
हिला लायसन्स मिळालं. मास्तरांनी याच गाडीवर शिकवलं, म्हणाले, या गाडीला सगळं पाठ आहे. मॅनेजरने हिला कायम केलं. आज ही स्वतः गाडी घेऊन निघाली. माझं ऑफिस उलट्या दिशेला, म्हणून मला बसस्टॉपपर्यंत सोडलं. मी डावीकडे बसलो होतो, मार्गदर्शनासाठी. चौकातल्या पोलिसाने हिला साधा हात दाखवला, बाकीच्यांसारखाच. वळणावर समोरून बस आली, तसे मी दोन्ही पाय जोरात दाबले.
ही रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, पाय घ्या तिथून, मॅट सरकते.
घेतले.