कालवा नव्हे, कालवं

प्रिय प्रियदर्शनी,

हे पत्र माझ्या बहिणीच्या, सत्यशीलाच्या पत्त्यावर टाकून राह्यलो. ती राजूरला येऊन तुझ्या हातात देईल. आपली सुपारी फुटल्यापासून फोन केला की तुझी आई तो स्पीकरवर टाकते, मंग मी नुसतं “हो, जेवलो, बरं आहे” म्हणतो. म्हणून मी इथं कोकणात काय करतो ते तुला कधी नीट सांगताच आलं न्हाई.

खाडीत दगडाला चिकटून शिंपल्यातले जीव वाढतात, त्यांना इथं कालवं म्हणतात. खायला-विकायला बारकी पिल्लंसुद्धा खरवडून नेल्यानं खाडी रिकामी होत चालली. म्हणून संशोधन केंद्राच्या मॅडम तराफ्याखाली दोऱ्या सोडून कालवं वाढवून बघतात. दोरीवर जमलं तर दगडावरची वाचतील अन् विकणाऱ्या बायांचं पोटही चालंल. दोऱ्या मी सांभाळतो. पण मागल्या आठवड्यात नदीला पूर आला. आपण गोड्या पाण्यासाठी हंड्यांवरून भांडतो, इथं खाडीत गोडं पाणी घुसलं की कालवं तोंड मिटून बसतात अन् पाणी हटलं न्हाई तर मरतात. दोरी ओढावी तर नुसते उघडे शिंपले, अन् वास. उरलेली आम्ही खोल सोडली, तळाला खारं पाणी टिकतं म्हणून. तीही गेली तर प्रयोग बंद. केशरबाई कालवंवाली रोज टोमणा मारते, “काय रे घाटावरल्या, समुद्राला तुझा पायगुण लागला!” एरवी मी हसतो. आज रडूच आलं.

मी टिकणारा माणूस न्हाई हे सगळ्या टेंभुर्णीला ठाऊक आहे. जालन्यात सळईच्या कारखान्यातून पळालो. अंबडच्या गॅरेजातून जेवायला म्हणून गेल्तो, तो गेलोच. इथं मात्र सुट्टीच्या दिवशीही पाय खाडीकडंच वळतात. का ते मलाच कळत न्हाई.

काल सत्यशीलाचा फोन आल्ता. हसत सांगत होती की तुझे बाबा राजूरच्या गणपतीपुढं पेढे वाटून राह्यले, “जावई कालव्यावर आहे, पाटबंधारे खात्यात! आज कोकणात आहे, उद्या बदली झाली की आपल्या शिवारात पाणी सोडणं त्याच्याच हातात!” मी सुपारीच्या बैठकीत म्हणलो होतो “कालवांचं काम”, त्यांनी ऐकलं “कालव्याचं”. ते माळकरी, घरात अंडं येऊ देत न्हाईत. अन् माझ्या नखातला शिंपल्याचा वास साबणानंही जात न्हाई.

पुढल्या सोमवारी ते तुझ्या मामांना घेऊन कालवा बघायला इकडं येणार आहेत. जीप ठरली. माझं तोंड उघडत न्हाई, म्हणून आधी तुला लिहिलं. ते येतील तवा मी कमरेएवढ्या चिखलात असंन, अन् हे काम आता सोडणं मला बिलकुल जमणार न्हाई. तुला असा नवरा नको असंल तर गप राह्य, बाबांना येऊन डोळ्यानं बघू दे, सोयरीक तिथंच मोडंल, मी एक शब्द बोलणार न्हाई. चालत असंल तर त्यांना खरं सांग, अन् तरी ते निघाले, तर तूबी त्या जीपमधी बस.

जीपमधून कोण उतरतं ते चिखलातून बघणारा,
तुझाच
माऊली