बोटीच्या मागच्या नळाबद्दल

अप्पा,

आधी जेवून घ्या. भाकरी डब्यात आहे.

जेवलात? मग आता वाचा.

आपल्या चहाच्या बोटीतली टाकी रोज कशी रिकामी होते, ते आज कळलं. मी बसवलेले पाइपांचे जॉइंट गळत नाहीत. मी सगळे पाइप खोलून पाहिले, बोटीचा तळ ओणवी होऊन फडक्यानं पुसला, एक थेंब सापडला नाही. आणि तुम्ही श्रीवत्सअण्णाला फोन करून सांगितलंत, "मेधाला जमत नाही, बोट विकून टाकू." मी शेजारीच कप विसळत होते.

आज सकाळी तुमच्यावर लक्ष ठेवलं. तुम्ही मागच्या बेसिनचा नळ उघडलात. पंप बंद होता, म्हणून पाणी आलं नाही. तुम्ही नळ तसाच उघडा टाकून पुढं येऊन बसलात. घरी टाकता तसा, पाणी आलं की आवाजानं कळावं म्हणून. मग मी चहासाठी पंप लावला, आणि इंजिनाच्या आवाजात अख्खी टाकी बेसिनमधून उणकलच्या तळ्यात गेली.

अप्पा, बोटीत पाणी यायचा वार नसतो. तिथं पाणी मी सोडते, बटण दाबून.

अण्णाला फोन तुम्हीच करायचा. जे मोठ्यानं बोललात, ते तेवढ्याच मोठ्यानं परत घ्यायचं. तोवर मी बोटीवरच आहे, टाकी भरते आहे.

न्हाणीतला नळ मात्र मीच उघडा ठेवलाय, खाली बादली आहे. आज आपल्या गल्लीला पाणी यायचा वार. आवाज आला की उठा.

मेधा