स्वरालीच्या ब्लॉगवरची तुझी कमेंट

बेंगळूर, रविवार

प्रिय आई,

बेंगळूरहून तुला आणि आप्पांना अक्षराचा जय भीम.

मी बरी आहे. नोकरी सांभाळून ऑनलाइन कोर्सही नीट चाललाय. आठवड्यात जे शिकलो ते आपापल्या ब्लॉगवर लिहायचं आणि बाकीच्यांनी खाली कमेंट करायची, असा आमचा अभ्यास असतो. घरच्यांनीही वाचावं म्हणून सरांनी सांगितलं, तशी तुला लिंक पाठवली.

तू वाचलंस. पण कोर्सच्या पानावर आमचे सगळ्यांचे लेख एकाखाली एक दिसतात, तुझं बोट चुकलं आणि कमेंट पडली माझ्या वर्गातल्या, कंग्राळीच्या स्वरालीच्या ब्लॉगवर. "लई चांगलं लिवलंस बाळ. जेवलीस का?"

तिनं लगेच उत्तर दिलं, "व्हय आई, जेवले." सगळा वर्ग त्यावर खूश झाला. सरांनी ते तासाला वाचून दाखवलं. तिच्या लेखाखाली आता चाळीस कमेंट आहेत. माझ्या लेखाखाली एकटे सर, तेही "ठीक".

पोरगी चांगली आहे, लिहितेही माझ्यापेक्षा बरी. तरी मला तिचा लई राग आला. ही आई कुणाची, हे कुणी विचारलं न्हाय, मीही सांगितलं न्हाय.

आप्पांचा गुडघा कसा आहे? तू अजून चष्म्याशिवायच फोन बघतीस का?

हे पत्र मुद्दाम पोस्टानं पाठवते. पोस्टमन निपाणीत आपल्याच दारात देईल, दुसऱ्या कुणाकडं जाणार न्हाय.

मीही जेवले, आई.

तुझीच,
अक्षरा