वैशाखातल्या दुपारचे मुहूर्त

नाना, आधी एक गाऱ्हाणं मांडतो. या घरातली कूलरसमोरची जागा माझ्याकडून हिरावली गेली आहे. जळगावात उन्हाळ्यात या जागेला काय मोल असतं ते तुम्हाला सांगायला नको. धुळ्याहून आलात की तुम्ही पाणीसुद्धा तिथे बसूनच मागायचात. तुमच्या पश्चात ती गादी रीतसर माझ्याकडे आली होती. पण गेली काही वर्षं तिथे तुमच्या सुनेचं टेबल आहे. त्यावर जाडजूड इंग्रजी पुस्तकं, लॅपटॉप आणि कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला आपला खलबत्त्यातला बत्ता. वारा पुस्तकांना लागतो, आणि मी, शाळेतला संस्कृतचा सर्वांत ज्येष्ठ शिक्षक, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून भेंडी चिरतो. याविरुद्ध दाद कुठे मागायची ते कळेना, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

तुम्ही गेलात तेव्हा ती सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. आजही आहे. मधल्या काळात, पन्नाशी दिसू लागल्यावर, तिने सार्वजनिक आरोग्यात एम.पी.एच. करायचं ठरवलं. मी म्हटलं, आता गुडघ्यांचा अभ्यास करायचं वय आपलं. ती हसली नाही. अर्जासोबत 'हा अभ्यासक्रम का करायचा आहे' असा निबंध द्यायचा होता. तो मी लिहून देतो म्हणालो, आणि आयुर्वेदातल्या एका श्लोकाने सुरुवात करून चांगला घोटीव मजकूर तयार केला. तिने तो वाचला, घडी करून परत दिला आणि स्वतः दोनच वाक्यं लिहिली: वॉर्डात वर्षानुवर्षं तीच माणसं तेच आजार घेऊन येतात, आणि त्यांना इथे येण्याआधीच गाठायचं कसं ते मला शिकायचं आहे. माझ्या श्लोकाचा पराभव मी मनाला लावून घेतला नाही, निदान चारचौघांत तरी. अनुभवाचा दाखला द्यायला कार्यालयाने इतकं झुलवलं की तेवढ्यात एखादी बाई सिस्टरची मेट्रन झाली असती. नातेवाईक विचारत, म्हणजे आता डॉक्टर होणार का? नाही. मग पगार वाढणार? नाही. मग? या 'मग'ला मीही उत्तर शोधत होतो, कारण डबे मी भरत होतो.

शेवटच्या वर्षी प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली, आणि इथून माझी खरी अडचण सुरू होते. तिने विषय घेतला उन्हाळ्यातल्या दुपारच्या लग्नांचा. नाना, आपल्या दोघांच्या पोटावरच पाय. शाळेनंतर घरी येणाऱ्यांना मुहूर्त काढून देणं हे तुमचं काम, तुमच्यानंतर माझं. आपण पंचांगातून मिनिटापर्यंत वेळ काढून देतो, पत्रिकेवर ती छापली जाते, आणि मग नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या पारापाशी नाचत राहते. मंडपात मान्यवरांच्या स्वागताची नावं वाचून संपत नाहीत. अक्षता पडतात तेव्हा ऊन ऐन भरात असतं, आणि म्हातारी माणसं फेटा बांधून, वर मानाची शाल घेऊन पत्र्याखाली उभी असतात. भडगावपासून नशिराबादपर्यंत ही बाई बिनबोलावल्या लग्नांना गेली. पर्समध्ये थर्मामीटर. लोकांना वाटायचं, मुलीकडची असेल. जेवून परत यायची आणि टिपणं काढायची. मी म्हणायचो, अशी पदवी सगळ्यांना मिळायला हवी.

एका दुपारी मी भाजी निवडत होतो. तिने लॅपटॉपवरून मान न उचलता विचारलं, "अहो, नाना पडले तेव्हा त्यांना घाम होता का?"

तुम्ही कसे गेलात ते आपल्या घरात फार अभिमानाने सांगितलं जातं. वैशाखातलं दुपारचं लग्न. बोरं वेचावीत तसे तुम्ही मंगलाष्टकातले शब्द एकेक करून उचलत होता. अंतरपाट धरलेला. शेवटच्या कडव्याला आवाज थोडा घसरला, तुम्ही काहीतरी असंबद्ध बोललात आणि खाली बसलात. मी तुमच्या शेजारीच होतो. लोकांनी तुम्हाला बाजूला निजवलं, अंगावर मानाची शाल घातली, कोणीतरी तोंडात गंगाजल सोडलं. मुहूर्त चुकू नये म्हणून कडवं दुसऱ्याने पुरं केलं. "काय मरन शे," असं एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "देवाना शब्द तोंडमा व्हतात." तेव्हापासून आम्ही तेच म्हणत आलो. दाखल्यावर हृदयविकार लिहिला गेला.

मी तिला म्हटलं, आठवत नाही. पण आठवतं. तुमचा हात मी धरला होता. तो कोरडा होता, आणि चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखा तापलेला.

शेवटी ते मी तिला सांगितलं. तिने काही लिहून घेतलं नाही. म्हणाली, तो हार्ट अटॅक नव्हता, उष्माघात होता. शाल काढून अंगावर पाणी आणि बर्फ टाकला असता तर कदाचित नाना घरी आले असते. मग उठून माझ्यासमोरची भाजी तिने निवडायला घेतली. प्रबंधात तुम्ही नाहीत. "ते माझे सासरे होते, माझा नमुना नाही," असं तिने मार्गदर्शकांना सांगितलं म्हणे.

पदवी मिळाली. दीक्षांत समारंभ दुपारी होता, मंडपात, काळ्या गाऊनमध्ये, आणि पाहुणे उशिरा आले. सार्वजनिक आरोग्याचे नवे पदवीधर निमंत्रणपत्रिकांनी वारा घेत होते. मी हसलो, ती पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध प्राध्यापकांना पाणी नेऊन द्यायला उठली. दवाखान्यात परतल्यावर साहेबांनी पेढा खाल्ला, अभिनंदन केलं आणि तिला त्याच वॉर्डात तीच पाळी दिली. शिवाय 'तुम्ही आता तज्ज्ञ' म्हणून उष्माघाताचा फलक लावण्याचं काम तिच्याकडे आलं. भर दुपारी बारा वाजता फलकाचं उद्घाटन झालं. शाल-श्रीफळ देऊन.

मी मात्र चैत्र-वैशाखात दुपारचे मुहूर्त देणं बंद केलं. गोरज मुहूर्त देतो. त्याला शास्त्राधार आहे, आणि नसता तर मी शोधला असता. परवा नशिराबादचे एक आबा आले होते. मी संध्याकाळची वेळ सांगितली तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आंतरपिकाऐवजी मीठ पेरायला सांगतोय. "गुरुजी, रातले कोन थांबस? दूरना मानसं दुपारले जेवतस आनि निंघी जातस." मी उन्हाचं सांगितलं. ते म्हणाले, ऊन काय आज पडाले लागनं का? दुपारचा मुहूर्त त्यांना शेजारच्या गल्लीत मिळाला. आता तर तो मोबाइलवरही मिळतो, आणि मोबाइलची बायको शिकलेली नसते.

बाहेरच्यांचं जाऊ द्या. या वैशाखात तुमच्या धाकट्याच्या मुलीचं लग्न आहे, धुळ्याला. दुपारचं. मंगलाष्टकं मीच म्हणायची, तुमच्या जागी उभं राहून, असा त्याचा हट्ट. ती त्याला म्हणाली, भाऊजी, वेळ बदला. निदान मंडपामागे बर्फाची लादी आणि पाण्याचे टब ठेवू, आणि हे खुर्चीत बसून म्हणतील. तो हसला. "वहिनी, लग्न शे का वॉर्ड?" मग तिची समजूत काढायला म्हणाला, नाना गेले तसं मरण मागून मिळत नाही. नाना, ती तुमच्या धाकट्याला तुम्ही कशाने गेलात ते तिथल्या तिथे सांगू शकली असती. तिने फक्त चहाचे कप उचलले. मला तिचा इतका राग आला, आणि त्याचा, आणि खरं सांगायचं तर तुमचाही. इतकं सुंदर मरायची काय गरज होती?

मी येतो म्हटलंय. मोठा भाऊ आहे, नाही कसं म्हणणार? खुर्ची मान्य झाली, बर्फाचं 'बघू' वर थांबलंय.

हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही. ठेवायचंही नाही, कारण या घरात कागदावर बत्ता ठेवणारी बाई कागद वाचतेही. आणि पुढचं तिने वाचायला नको आहे. गेल्या वर्षी एका मांडवात मंगलाष्टकं म्हणता म्हणता माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. शब्द सापडेनात. बाजूला झालो, खांब धरला, सावरलो. घरी येऊन सांगितलं, बस उशिरा मिळाली. अजून तेच सांगतो आहे.

मरणाची भीती आहे, ती सगळ्यांना असते. पण मला काळजी वेगळीच आहे. मी पडलो तर ती धावत येईल. फेटा सोडा, बर्फ आणा, बाजूला व्हा, असं ओरडेल. तिला सगळं माहीत असेल, आणि मंडपातलं कोणी तिचं ऐकणार नाही.