मामंजींनी उजळलेली मोटार

मामंजी,

तुम्ही होता तेव्हा मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. एकाच घरात राहत होतो, लिहायची गरज नव्हती. आणि बोलायचं म्हटलं तर सुनेनं सासऱ्याशी किती बोलावं याचे तेव्हा कायदे होते. तुम्ही ओसरीवर असलात की मी मागच्या दारानं जायची. तुम्हाला पाणी हवं असलं की तुम्ही खाकरायचात, आणि मी तांब्या उंबऱ्यापाशी ठेवून मागं सरायची. आता उस्मानपुऱ्यात आपलं घर नेमकं कुठं होतं ते दाखवायचं म्हटलं तर मलाच थांबून अंदाज घ्यावा लागतो. त्या बाजूला मोटारींच्या सामानाची दुकानं झाली आहेत. काल एका दुकानापुढं एक तरुण मुलगी आपल्या गाडीला आरसा बसवून घेत होती. दुकानदाराला सांगत होती, "आणखी थोडा खाली घ्या, मला दिसलं पाहिजे." मी पिशवी घेऊन तिथंच उभी राहिले. घरी आले तरी तुम्ही डोक्यातून जाईनात, म्हणून कागद घेतला.

तुमच्या मुलाची ती हिरवी मोटार. डॉक्टर होऊन आल्यावर त्यांनी ती कुणाकडून तरी जुनीच घेतली होती आणि गंगापूरच्या वाटेवरच्या गावांना ती घेऊन ते जायचे. बाळंतिणीचं काम असलं की मला बरोबर न्यायचे. हिंदू घर असो की मुसलमान, बायका पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नसत. ते पडद्याअलीकडून सांगायचे, मी पलीकडं करायची. असं करत करत माझे हात शिकले. मग विषमज्वरानं त्यांनाच नेलं, आणि मोटार अंगणाच्या कडेला पत्र्याखाली उभी राहिली. सगळा पावसाळा तिनं तिथंच काढला. दारांच्या मुठींवरचं निकेल उडून खालचं पितळ उघडं पडलं, पुढचे दिवे आतून काळवंडले, गादीत उंदरांनी घर केलं. आत्याबाई, त्यांची आई, मोटारीकडं पाठ करून धान्य निवडायच्या. तुम्ही तर तिकडं बघतच नव्हता.

पण गावांतून माणसं येतच राहिली. "डॉक्टर नाय तर नाय, बाईला तरी धाडा," असं एका म्हाताऱ्यानं दारात म्हटलं तेव्हा आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. पांढऱ्या कपाळाची सून परक्याच्या बाळंतपणाला जाणार, हे त्यांना सोसवेना. तुम्ही आतून म्हणालात, "जाऊ दे तिला. हात आहेत तिच्याकडं." एवढंच. माझ्याबद्दल तुम्ही बोललेलं मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. मग मी टांग्यानं जायला लागले. टांगा नाही मिळाला तर बैलगाडीनं.

आणि मग ती बाई. गंगापूरच्या अलीकडच्या एका गावातली, पहिलटकरीण. सांगावा सकाळीच आला होता, पण वाटेत टांग्याच्या चाकाची लोखंडी धाव निसटली, ती बसवेपर्यंत ऊन कलायला लागलं. मी पोचले तेव्हा घरात रडणं सुरू झालं होतं. पोरगं जगलं, ती गेली. परत आले आणि मागच्या अंगणात हात धूत बसले. किती वेळ धूत होते कोण जाणे. तुम्ही दाराशी येऊन उभे राहिलात. खाकरला नाहीत.

"काय झालं?"

"उशीर झाला," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पत्रा वाजला म्हणून बघितलं, तर तुम्ही मोटारीच्या दारांच्या मुठी पान्यानं सोडवत होता.

मला वाटलं, तुम्ही ती विकायला काढली. एक ठेकेदार दोनदा येऊन विचारून गेला होता, आणि पुसून-घासून ठेवली तर चांगल्या घरी जाईल असं मीच मनाशी म्हटलं. वाईट वाटलं, पण विचारणार कसं? शिवाय त्याच दुपारी वेगळंच निघालं. जेवणं उरकून मी स्वयंपाकघरात गेले तर माझी लोणच्याची बरणी चुलीशेजारी पाटावर, आत हिरवंगार पाणी, आणि तुम्ही दोन तारा हातात घेऊन उकिडवे बसलेले. शेजारी मोटारीची बॅटरी, कुठून तरी भरून आणलेली. मी पदर सावरायचं विसरले. "लोणचं कुठंय?" असं सरळ तुम्हालाच विचारलं. तुम्ही कढईकडं बोट दाखवलंत. सगळं लोणचं कढईत. लोखंडी कढईत, मामंजी. मला इतका राग आला की मी म्हणाले, "आंबट लोखंडात ठेवतात का? तुम्ही तर शाळेत हेच शिकवायचात ना?" बोलून गेल्यावर मी पदर डोक्यावर ओढला. तुम्ही कढईत डोकावलात, मग माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "बरोबर आहे. दुसऱ्या भांड्यात काढ, आणि ये. मला दोन हात कमी पडतायत."

तिथून आपली दुपारची शाळा सुरू झाली. ते हिरवं पाणी म्हणजे निकेलचा क्षार, तुम्ही कधीकाळी हौसेनं मुंबईहून आणून ठेवलेला. त्यात बोरिक पावडर टाकायची होती, ती तुमच्या मुलाच्या औषधाच्या पेटीतून निघाली. ती पेटी तुम्हाला उघडवेना, मी उघडली. बॅटरीच्या एका तारेला निकेलचा पत्रा, दुसरीला मूठ, दोन्ही पाण्यात. पत्र्यावरचं निकेल पाण्यातून चालत जाऊन मुठीवर बसतं, हे तुम्ही मला सांगत होता आणि सांगता सांगता उर्दूत शिरत होता, कारण उभी हयात तुम्ही सरकारी शाळेत विज्ञान उर्दूतूनच शिकवलं होतं. राख लावून घासायचं, मग चुन्याची निवळी, मग स्वच्छ पाणी. त्यानंतर धातूला हात लावायचा नाही. मी एकदा धुतलेली मूठ सरळ बोटांनी उचलली तेव्हा तुम्ही ओरडलात, "हाथ मत लगाओ. फिरसे घिसो." वर्गातल्या पोरावर ओरडावं तसं. मी गुपचूप पुन्हा राख घेतली. पण खरं सांगते, वाईट वाटलं नाही. वर्ष होत आलं होतं, घरात सगळे माझ्याशी हलक्या आवाजात बोलत होते, जशी मी तडा गेलेली बरणी. कुणी तरी मला रागावलं, त्यानं जीव भांड्यात पडला.

पहिली मूठ काळी निघाली, करपलेल्या भाकरीसारखी. बोटानं पुसली तर भुकटी निघून आली. तुम्ही ती उजेडात धरून फिरवलीत आणि म्हणालात, "बिजलीनं घाई केली." मग तारेच्या मध्ये मोटारीचाच एक छोटा दिवा जोडलात, म्हणजे जोर थोडा त्यात खर्च होईल. दिवा मंद लाल पेटला, आणि आपण दोघं त्या बरणीकडं बघत बसलो, चुलीवर दूध असल्यासारखे. मूठ बाहेर काढली तेव्हा ती करडी, ओशाळल्यासारखी दिसत होती. तुम्ही खडूच्या भुकटीनं ती घासायला लागलात आणि तिच्यात खिडकी दिसायला लागली. खिडकीत तुम्ही. तुमचं नाक केवढं मोठं दिसत होतं. मला हसू आलं. तुम्ही वर बघितलंत आणि तुम्हालाही आलं. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या घरात कुणी हसल्याला किती दिवस झाले होते हे तिघांनाही एकदमच आठवलं असावं.

दिव्यांचं काम अवघड होतं. दिव्याच्या आतल्या वाटीला चांदीचा मुलामा असतो, तो काळवंडला की उजेड पुढं जात नाही. लढाईमुळं सुटं सामान मुंबईहून यायचं बंद झालं होतं. सराफ्यातले कारागीर मुलाम्यासाठी जहरी क्षार वापरतात, तो घरात नको, असं तुम्ही ठरवलंत. आपण चांदीची भुकटी करून हातानं घासू, म्हणालात. चांदी मात्र हवी होती. तुम्ही आत्याबाईंना जुन्या जोडव्यांबद्दल विचारलंत. त्या आत गेल्या आणि एक छोटी वाटी घेऊन आल्या. तुमच्या मुलाला पहिला घास भरवला होता ती वाटी. तुम्ही म्हणालात, "ही नको."

"फडताळात ठेवून तिचं काय करू मी?" आत्याबाई म्हणाल्या. "रोज काढती, पुसती, परत ठेवती. घ्या."

तुम्ही ती अंगणात तेजाबात घातलीत. धूर आला, तुम्ही आम्हाला लांब उभं केलंत. मिठाचं पाणी ओतलं तेव्हा भांड्यात दह्यासारखं पांढरं धरलं. उजेड लागला तर ते काळं पडतं, म्हणून भरदुपारी खोलीची दारं-खिडक्या लावून आपण तिघांनी ते मऊ फडक्यानं दिव्यांच्या वाट्यांवर चोळलं. आत्याबाई एक वाटी चोळत होत्या. रडत होत्या का, ते अंधारात दिसलं नाही. फडक्याचा आवाज तेवढा येत होता.

त्यानंतर छावणीतल्या मिस्त्रीनं येऊन इंजिन चालू करून दिलं, आणि तुम्ही गुलमंडीच्या बाजारातून जाडं कापड आणून गादी शिवून घेतलीत. मोटार चांगली दिसायला लागली तशी मी तिच्यापासून लांब राहायला लागले. आज ना उद्या ठेकेदार येणार. एके दिवशी सकाळी तुम्ही अंगणातून हाक मारलीत. दार उघडं धरून उभे होता. "बस," म्हणालात. "पाय टेकतात का बघ."

मला कळेना. तुमचा मुलगा उंच होता, त्या जागेवर माझे पाय अधांतरी राहिले असते. मी वाकून बघितलं. क्लचवर, ब्रेकवर आणि वेगाच्या तिसऱ्या पट्टीवर तुम्ही लाकडाचे ठोकळे कापून पितळी पट्ट्यांनी आवळून बसवले होते. कडा घासून गोल केल्या होत्या, लुगड्याचा काठ अडकू नये म्हणून. बैठक पुढं सरकवलेली. पाठीशी उशी. आणि तुमचा दाढीचा आरसा काचेपाशी इतका खाली बसवलेला, की तो त्या मोटारीत फक्त माझ्याच कामाचा होता.

"विकायची नाही?" मी विचारलं.

"कुणी सांगितलं विकायची?"

मी बसले. तुमच्यादेखत, तुम्ही उभे असताना, आयुष्यात पहिल्यांदा. पाय टेकत होते.

तुम्हाला स्वतःला मोटार चालवता येत नव्हती हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मुलाच्या शेजारी बसून जेवढं बघितलं होतं तेवढ्यावर तुम्ही मला शिकवत होता. छावणीकडच्या माळावर आपण किती गचके खाल्ले. तिथं तुमच्या शाळेतले एक जुने सोबती भेटले, सायकलवरून उतरले आणि तुमच्याकडं झुकून म्हणाले, "मास्टरसाब, बहू कू मोटार सिखा रए क्या?" मी मान खाली घातली. तुम्ही म्हणालात, "हाँ. आपके घर में जचगी हुई तो बुला लेना." ते सायकलवर बसून गेले. पण काही महिन्यांनी त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाला त्यांनीच बोलावलं, आणि नंतर दर ईदेला शीरखुर्म्याचा डबा येत राहिला.

पहिली खरी फेरी गंगापूरच्या वाटेवरचीच होती. दिवस कलताना माणूस आला. तुम्ही टोपी घातलीत आणि माझ्या शेजारी येऊन बसलात. आत्याबाईंनी कंदील दिला. ओढ्याच्या उतारावर मी क्लच चुकले, मोटार उडी मारून थांबली. तुम्ही म्हणालात, "परत." तेवढंच. अंधार पडता पडता दिवे लावले आणि बाभळी एकामागून एक उजेडात यायला लागल्या. आपण पोचलो तेव्हा त्या घरात अजून पाणी तापत होतं. बाळ आडवं होतं, वळवावं लागलं. तुम्ही बाहेर ओट्यावर गावकऱ्यांत बसून होता. मुलगी झाली, आई वाचली, आणि मी पदराला हात पुसत बाहेर आले तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात. मी बाहेर आले म्हणून तुम्ही उठलात. असं सासरा कधी सुनेसाठी उठतो का?

त्यानंतर तुम्ही चारेक वर्षं होतात. निजामाचं राज्य गेलं ते तुम्ही बघितलंत, आणि त्याच थंडीत छातीच्या दुखण्यानं गेलात. मोटार मी पुढंही बरीच चालवली, मग जिल्ह्यात दवाखाने झाले, एस.टी. आली, आणि ती खरंच विकली. मला वाईट वाटलं नाही. ती हवी तेवढी चालली होती.

हा कागद टपालात टाकून तुमच्यापर्यंत पोचायचा नाही हे मला कळतं. एकच राहिलंय, ते लिहिते आणि घडी घालते. त्या पहिल्या फेरीच्या रात्री परत येताना रस्ता मोकळा होता, तुम्ही शेजारी मान टाकून झोपला होता, आणि मला गाणं म्हणावंसं वाटलं होतं. तुमच्या मुलाला जाऊन वर्षच झालं होतं आणि मला आनंद झाला होता. तुम्ही जागे व्हाल म्हणून मी ओठ मिटून घेतले. आता वाटतं, तुम्ही झोपला नव्हता.