चोविसावा दगड

वरोरा
१४ नोव्हेंबर

प्रिय फैजभाई,

बोलायचं हिंदीत आणि लिहायचं शाळेतल्या मराठीत, ही आपली जुनी सवय. म्हणून हे पत्र मराठीत. तीन आठवडे मी तुझ्या जिशानचे फोन उचलले नाहीत, तुझेही नाहीत. तुझ्या तब्येतीचं मला आयतकडून कळतं. रागावला असशील तर रागाव, पण हे शेवटपर्यंत वाच.

आयतच्या सासरी सात पिढ्यांच्या नावांचा शजरा चौकटीत लावलेला आहे. पोरीच्या लग्नात तिच्या सासऱ्यांनी आपला विचारला, तेव्हा आजोबांच्या वर आपल्याला एकही नाव सांगता आलं नाही. तिथून मला हा नाद लागला. जुन्या निधनवार्ता मी शोधायच्या आणि पोंभुर्ण्याच्या कब्रस्तानातले दगड तू बघायचे, असं आपलं ठरलं. बायकांनी आत जायचं नसतं, तू फाटकाशी उभी राहून काय करशील, मीच फोटो काढून आणतो, असं तू म्हणालास. मला किती बरं वाटलं होतं. गुडघे दुखत असताना तू नागपूरहून एसटीने गेलास आणि तेवीस फोटो पाठवलेस. पणजोबा शेख मदार सापडले, त्यांचे बांगड्या विकणारे भाऊ सापडले. अम्मीचा दगड मात्र नाही, पुरात वाहून गेला असेल, असं तू लिहिलंस. कावीळ होऊन ती माहेरी पोंभुर्ण्यालाच वारली, तेव्हा मी तीन वर्षांची होते, हे मी तुझ्या आणि अब्बांच्या तोंडून ऐकत मोठी झाले. दगड वाहून गेला, हेही मी तसंच मानलं.

मग मी वामनरावांकडे गेले. त्यांच्या साप्ताहिकाचा छापखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण बांधलेले अंक त्यांनी माळ्यावर जपून ठेवलेत. त्यांची एक पद्धत तुला ठाऊक नसावी. निधनवार्तेत नाव चुकलं तर लोक भांडायला येत. म्हणून ज्याने बातमी दिली त्याच्या हातची चिठ्ठी ते छापून झाल्यावर वहीत चिकटवून ठेवायचे. मी सत्तरच्या दशकातलं काही शोधत होते आणि हाताला लागली २००४ ची वही. ‘पोंभुर्णा येथील रहमतबी यांचे अल्प आजाराने निधन. त्यांच्या पश्चात एक मुलगा आहे.’ अम्मीचं नाव रहमतबीच, त्या नावाच्या बायका पुष्कळ असतात. पण अक्षर तुझं होतं, भाई. तू एसटीत कंडक्टर झालास तेव्हापासून तिकिटांच्या हिशोबाचे तुझे कागद मी लहानपणी इतके पाहिलेत की ते अक्षर मला अंधारातही ओळखता येईल. चिठ्ठीत ‘एक मुलगा’च्या पुढे ‘व एक मुलगी’ असं लिहिलेलं होतं, आणि त्यावर आडवी रेघ मारलेली होती.

वामनरावांनी पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकून पोंभुर्ण्याला गेले. फाटकाशी थांबले नाही. कुंपणालगत मुखरूभाऊंचं धानाचं शेत आहे. गुरं आत शिरू नयेत म्हणून कुंपणाचे बांबू तेच बांधतात. त्यांनी मला अडवलं नाही, बांधावरून नुसतं बोट दाखवलं. बेहड्याच्या झाडाखाली दोन रांगा आहेत. पहिल्या रांगेचे सगळे फोटो तू मला पाठवलेस. दुसऱ्या रांगेत एकच दगड आहे, स्वच्छ, भोवतीचं गवत काढलेलं. एक दगड सोडायचा तर फोटो काढताना किती जपून उभं राहावं लागलं असेल, ते मी तिथे उभी राहून पाहिलं.

मुखरूभाऊंच्या बायकोने, आशाबाईंनी, मला घरी नेलं. अम्मी त्यांच्या शेजारी सव्वीस वर्षं राहिली. लोकांच्या गोधड्या शिवायची. अब्बांनी तिला सोडलं होतं, ती मेली नव्हती. तुला नोकरी लागली आणि तू पोंभुर्ण्याची मुक्कामी गाडी मागून घेतलीस, हे आशाबाईंनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं. त्या मुक्कामी ड्युटीबद्दल तू घरी किती कुरकुर करायचास. डास, पाणी नाही, झोपायला जागा नाही. मला तुझी दया यायची आणि मी डब्यात एक रोटी जास्त ठेवायची. माझं लग्न होईपर्यंत तुझा डबा मीच भरला. तो तिथे कोण खायचं, ते आता कळलं. तुकडा तोंडात घालण्याआधी अम्मी तो आशाबाईंना दाखवायची, पोरीच्या हातचा आहे म्हणून.

इथपर्यंतही मी कदाचित गिळलं असतं. अब्बांनी तुला शपथ घातली असेल, तू तेरा वर्षांचा होतास, घाबरला असशील. पण आशाबाईंनी मला विचारलं ते शब्द तसेच लिहिते. ‘बाई, तुमी एकडाव तरी काऊन नाई आल्या? फैजभाऊ म्हने का तिले यायचंच नाई म्हून. म्हातारी तं शेवटपर्यंत वाट पाहून राह्यली होती.’

माझ्यापासून तू ती लपवलीस. तिच्यापासून माझं मन लपवलंस. अब्बा १९९६ ला गेले, अम्मी २००४ ला. मधली आठ वर्षं तू कोणाला भीत होतास? त्या आठ वर्षांत माझं लग्न झालं, आयत झाली. वरोऱ्याहून पोंभुर्ण्याला सकाळी निघालं तर दुपारी जेवायला पोचता येतं. मी खूप विचार केला. मला एकच उत्तर सापडतं, आणि ते खोटं असलं तर बरं होईल. ती तुझ्या एकट्याची होती आणि तुला ते आवडत होतं. घरात सगळ्यांचं लक्ष धाकटीकडे, तिथे कोणीतरी फक्त तुझी वाट बघायचं. तसं असेल तर तसं सांग. मी ते समजू शकते. माफ करू शकेन असं मात्र वाटत नाही, आणि या पत्रात तरी तुझ्याशी खोटं बोलणार नाही.

शजऱ्याचा कागद मी पूर्ण केला. अम्मीच्या नावापुढे खरं साल घातलं, खाली दोन नावं लिहिली.

आता हे पत्र का, ते सांगते. काल आयत म्हणाली, गुरुवारी तुझ्या घशाचं ऑपरेशन आहे आणि त्यानंतर तुझा आवाज राहणार नाही. तंबाखूचा तो खर्रा सोड म्हणून मी तीस वर्षं ओरडले. आज त्याबद्दल काही बोलत नाही. वह्या बघून झाल्या, दगड बघून झाले. अम्मी कशी हसायची, मला कोणत्या नावाने हाक मारायची, ‘ती येत नाही’ हे ऐकून काय म्हणायची, ते फक्त तुझ्याकडे आहे. लिहून देतो म्हणू नकोस. लिहिताना तू गाळतोस. मी मंगळवारी सकाळच्या गाडीने नागपूरला येते आहे. जिशानला खोलीबाहेर बसायला सांग. माफी मागण्यात वेळ घालवू नकोस, डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं असेल. जेवढा आवाज उरला आहे तेवढ्यात तिची हाक मला एकदा, ती मारायची तशी मारून दाखव.

तुझीच, आणि तिचीही,
शिरीन